दुसऱ्या व्हायोलिनची खुर्ची

उन्हाळी शिबिराची चौकशी करताना पालक आधी विचारतात, शिकवायला कोण येणार? मग विचारतात, शेवटचा कार्यक्रम कुठे होणार? चेंबर म्युझिकच्या शिबिरापुरते हे दोन्ही प्रश्न मी मागे ठेवते. माझा पहिला प्रश्न असतो, माझ्या विद्यार्थ्याला तिथे दुसरं व्हायोलिन किंवा व्हायोला वाजवायला मिळेल का?

चेंबर म्युझिकमध्ये मोजके वादक असतात, प्रत्येकाची ओळ वेगळी असते आणि समोर हातवारे करणारा कंडक्टर नसतो. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. धून बहुतेक वेळा पहिल्या व्हायोलिनकडे, म्हणून आईबाबांचा डोळा त्याच खुर्चीवर. ‘मॅडम, इतक्या ग्रेड झाल्या आणि अजून सेकंडच?’ हे मी दर उन्हाळ्यात ऐकते. त्यांची तळमळ मला कळते, पण या बाबतीत मी त्यांचं ऐकत नाही.

१७८४ साली व्हिएन्नात एका घरगुती मैफलीत हायडन पहिलं व्हायोलिन वाजवत होता, डिटर्सडॉर्फ दुसरं, वानहाल चेलो आणि मोझार्ट व्हायोला. ऐकायला बसलेल्या मायकेल केली या गायकाने आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे. मोझार्टला मधली जागा कमीपणाची वाटली नाही. आपल्याकडचं उदाहरण मेहली मेहता यांचं. झुबिन मेहतांचे हे वडील. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. पुढे अमेरिकेत ते फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये गेले, ते दुसरं व्हायोलिन वाजवायला. आणि पुण्यात तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये. अप्पा जळगावकरांची पेटी ऐकलेल्या माणसाला विचारा, गवयाच्या मागोमाग जाणं, त्याला जागा सोडणं आणि तरीही आपलं अस्तित्व राखणं याला किती तयारी लागते.

मधल्या जागेवर कानाचं खरं काम असतं ते सुरांच्या बाबतीत. समजा, चौघं मिळून सी मेजरचा कॉर्ड धरताहेत. चेलोकडे सा, पहिल्या व्हायोलिनकडे वरचा सा, व्हायोलाकडे पंचम आणि दुसऱ्या व्हायोलिनकडे गंधार. पियानोवर जो गंधार येतो तो शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. पियानोच्या साथीने शिकलेलं मूल तोच चढा सूर लावतं आणि कॉर्ड खरखरतो. मी बाकी तिघांना हलक्या बोने सूर धरून ठेवायला सांगते आणि त्या मुलाला बोट केसभर मागे सरकवायला लावते. एका क्षणी खरखर जाते, आवाज न वाढवताही खोली भरते, आणि चौघं एकमेकांकडे बघतात. नीट लावलेल्या तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ज्याने ऐकला आहे, त्याला ही जागा लवकर सापडते. म्हणून व्हायोलिनबरोबर थोडं हिंदुस्थानी गाणं शिकलेली मुलं या शिबिरांत मला फार आवडतात.

म्हणूनच शिबिरासाठी पुण्याजवळच्या मुळशीचं नाव निघालं की मी खूश होते. याच तालुक्यात कोळवणला चिन्मय विभूतीच्या आवारात चिन्मय नादबिंदू हे भारतीय संगीत आणि नृत्याचं निवासी गुरुकुल आहे. पाश्चात्त्य वाद्यांचं शिबिर याच खोऱ्यात भरलं, तर एखादी संध्याकाळ मुलांना तंबोऱ्यासमोर बसवणं सहज जमेल. शहरापासून तास-दीड तासावर, गाड्यांचा आवाज नाही आणि वेगवेगळ्या खोल्यांत तीन-चार गटांना एकाच वेळी सराव करता येईल असं ऐसपैस आवार, हे या कामाला लागतंच.

मुळशीच्या मे महिन्याची मात्र तयारी हवी. दुपारी लाकूड कोरडं पडतं, संध्याकाळी वळीव कोसळतो आणि रात्रीत हवा दमट होते. खुंट्या कधी सैल पडतात, कधी अडकून बसतात. चेलोची कड उकलू शकते. शिबिरात वाद्यदुरुस्ती जाणणारं कोणी आहे का, जादा तारा आहेत का, हे विचारून घ्या. चेलो गाडीच्या डिकीत ठेवून वाटेत पिरंगुटला जेवायला उतरू नका. गुळगुळीत फरशीवर चेलोचा दांडा सरकतो, म्हणून खुर्चीच्या पायात अडकवायचा पट्टा घरूनच न्या. पट्टा नसेल तर सतरंजीवर भागतं.

दिवसाचं वेळापत्रकही मागून घ्या. शिक्षकासमोरची तालीम एक तास असेल तर शिक्षकाशिवायचीही तेवढीच हवी. कुठून उचलायचं, कोणी श्वास घेऊन खूण द्यायची, दोघांचं पटलं नाही तर काय करायचं, हे मुलं तिथेच शिकतात. सकाळपासून रात्रीपर्यंत नामवंतांचे मास्टरक्लासच आखलेले असतील, तर ते शिबिर दुसऱ्या कशासाठी तरी चांगलं असेल, क्वार्टेटसाठी नाही.

शेवटच्या कार्यक्रमाबद्दल मी जरा कडक आहे. अमेरिकेत व्हर्माँटमध्ये १९५१ पासून मार्लबरो हा उन्हाळी उपक्रम चालतो. ज्येष्ठ आणि तरुण वादक तिथे एकाच गटात बसतात, पाहिजे तितक्या तालमी करतात आणि रचना तयार झाली असं वाटलं तरच ती श्रोत्यांसमोर येते. तिथे तालमीत घेतलेल्या कितीतरी रचना कार्यक्रमात येतच नाहीत. आपल्या मुलांच्या शिबिराला हा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही, आजी-आजोबा ऐकायला येणारच. पण प्रत्येक गटाने एकच भाग, मनापासून बसवून वाजवला तर पुरे. दहा दिवसांत चार रचना वाजवून घेण्याचा अट्टहास दिसला की मी पालकांना दुसरीकडे बघायला सांगते.

मूल अजून तिसऱ्या पोझिशनमध्ये नीट वाचत नसेल, किंवा चार मात्रांची विश्रांती मोजताना चुकत असेल, तर यंदा पाठवू नका. त्या वर्षभरात त्याला एक जोडीदार शोधून द्या. बार्टोकची १९३१ सालची ४४ ड्युएट्स दोन व्हायोलिनसाठीच आहेत आणि सोप्यापासून सुरू होतात. आठवड्यातून एकदा दोघांना बसवा आणि प्रत्येक ड्युएट दोनदा वाजवून घ्या, दुसऱ्यांदा वह्यांची अदलाबदल करून.