घोट्यातला जोर

आत्याचा पाय मधुमेहाने मांडीतून गेला, त्याला बरीच वर्षं झाली. कृत्रिम पाय लावून ती घरभर फिरते, परसातली फुलं काढते. अडते ती एसटीच्या पहिल्या पायरीशी. दांडा धरून आधी धडधाकट पाय वर, मग दुसरा ओढून घ्यायचा. तो ओढताना तिचा खालचा ओठ दाताखाली जातो. तिच्या त्या पायाला वाकता येतं, अंगचा जोर मात्र नाही.

असा जोर यंत्राने देता येतो, आणि त्याची गोष्ट एका छोट्या संगणकापाशी सुरू होते. 2012 साली केंब्रिजहून ‘रास्पबेरी पाय’ (Pi) आला. पत्त्याच्या पानाएवढ्या हिरव्या पट्टीवर अख्खा संगणक, किंमत 35 डॉलर. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून केलेला. पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या इलियट राऊज यांच्या गटाने तो यांत्रिक पायात बसवला. गुडघ्यात एक मोटार, घोट्यात एक. पाय किती वाकलाय, भार किती पडलाय, हे सेन्सर सांगतात. ढकलायचं की सैल सोडायचं, हे तो संगणक ठरवतो. 2019 साली या पायाचे सगळे आराखडे त्यांनी जगातल्या संशोधकांसाठी खुले केले. हे औदार्य मला फार मोलाचं वाटतं.

पण स्वस्त झालाय तो मेंदू. स्नायू अजून महागच आहेत. चालताना मागचं पाऊल जमीन सोडतं, तेव्हा घोटा सगळ्या देहाला पुढे लोटतो. साठ किलोच्या माणसात घोट्याचा हा फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, 90 न्यूटन-मीटरच्या आसपास जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मिळते ती सर्वो मोटार मी चालवून पाहिली आहे. तिचं पांढरं पातं बोटांनी अडवता येतं. जोर जेमतेम एक-दोन न्यूटन-मीटर. घोट्याइतकं बळ हलक्या मोटारीत, अंगावर वागवता येईल अशा बॅटरीवर आणायचं, खरा खर्च तिथे आहे.

नुसता जोर आणून भागणार नाही. जयपूर फूट हा कृत्रिम पाय रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1968च्या सुमारास घडवला, तो आपल्या माणसांचं जगणं बघून: अनवाणी चालणं, उकिडवं बसणं, चिखलातली कामं. यंत्राच्या पायालाही तीच नजर हवी.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनो, रेघेवरून धावणाऱ्या रोबो-गाड्या पुष्कळ झाल्या. एक गुडघा करायला घ्या, तालुक्याच्या गावी दुरुस्त होईल असा. आणि तो ज्याच्यासाठी करणार, त्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.