तारण

आमच्या यवतमाळात ‘तारण’ हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो. बँकेत आणि चर्चमध्ये. बँकेत शेत तारण ठेवतात, चर्चमध्ये पापापासून तारण होतं. फ्री मेथडिस्ट मिशनमुळे चर्च इथे जुनंच. युनियन बिब्लिकल सेमिनरीसुद्धा १९८३ साली पुण्याला हलली, त्याआधी तीस वर्षं इथेच होती. त्यामुळे हे शब्द शेजारपाजारून कानावर पडायचेच.

पण त्यातला ‘प्रायश्चित्त’ मला बरेच दिवस उलगडत नव्हता. आपल्याकडे ज्यानं केलं त्यानंच फेडायचं. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून केवढं रामायण झालं! टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं. चहा ज्याचा, प्रायश्चित्त त्याचं. (बिस्किटांचं वेगळं होतं का, देव जाणे.) मराठी बायबलात मात्र पाप माणसाचं आणि प्रायश्चित्त येशूचं. हे कसं काय बुवा?

शेजारच्या मावशींना विचारलं. म्हणाल्या, "कर्ज समज नं बाबू. तुयाच्यानं फिटत नाही, तर दुसऱ्यानं भरलं." येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही मराठीत ‘ऋण’ हाच शब्द आहे. १०९८ च्या सुमारास आर्चबिशप आन्सेल्मनंही असाच हिशोब मांडला होता : देणं माणसाचं, ऐपत फक्त देवाची, म्हणून देवानंच माणूस व्हायचं.

आता कर्ज म्हटलं की आम्हा लोकांच्या पोटात गोळा येतो. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंत सगळं माफ होतं. माझ्या काकांचं रान सात एकर, कोरडवाहू कापूस. त्यांना फक्त सूट, तीही उरलेलं सगळं भरलं तरच. सावकाराचं तर त्यात नव्हतंच. आणि काका चिडले होते ते वेगळ्याच गोष्टीवर. "माफी कायची? मी का कोनाची चोरी केली?" शेतकरी संघटनाही म्हणूनच ‘कर्जमुक्ती’ म्हणायची.

मावशींचं म्हणणं, तिथं एकरांची अट नाही, पैसे आधी भरा नाही. मला ते ऐकायला फार आवडतं. पण काकांचा राग मला त्याहून जवळचा वाटतो, काय करणार.

काकांनी बैलजोडी विकून पैसे भरले. मावशी त्या वर्षी रोज त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करायच्या. काकांना ते माहीत होतं. नको असं ते कधी म्हणाले नाहीत.