वाचलेल्यांची साक्ष

आमच्या मंडळ्यांमध्ये रविवारच्या उपासनेत साक्षीसाठी वेळ राखून ठेवलेला असतो. ज्याला काही सांगायचंय तो उभा राहतो, प्रभूची स्तुती करतो आणि गेल्या आठवड्यात देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतो. मुलीचं ऑपरेशन नीट पार पडलं, मुलाला नोकरी लागली, एस.टी. घाटात कलंडली पण खरचटलंसुद्धा नाही. पूर येऊन गेला किंवा दरड कोसळली की पुढच्या रविवारी अशा साक्षी वाढतात. शेजारची भिंत पडली, आमची राहिली. आम्ही नेमके त्या रात्री मामाकडे मुक्कामाला होतो. देवानं आम्हाला राखलं.

मी पाळक होऊ घातलेल्या मुलामुलींना थिऑलॉजी शिकवतो. 'देव भला आहे, तर मग हे का?' हा अभ्यासक्रमातला सगळ्यात नकोसा भाग माझ्याकडे असतो. त्यावर जाडजूड ग्रंथ आहेत. लायब्निझनं १७१० साली या विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं, ते आम्ही जमेल तेवढं वाचतो. पण इतक्या वर्षांनंतर मला वाटतं, की ग्रंथांपेक्षा या साक्षीच जास्त अवघड आहेत. 'आम्हाला राखलं' असं म्हणताच शेजारच्या भिंतीखाली सापडलेल्यांबद्दलही आपण काहीतरी बोलून गेलेलो असतो. बोलणाऱ्याच्या ते ध्यानीमनी नसतं. ऐकणाऱ्यांत त्या शेजाऱ्याचं कुणी बसलेलं असेल, तर त्याला मात्र ते बरोबर ऐकू येतं.

वेलंकनीचंच घ्या. हे नाव वसई, मुंबई, गोव्याच्या ख्रिस्ती घरांत लहान पोरालाही ठाऊक असतं. ८ सप्टेंबरच्या सणाला, नाहीतर नाताळच्या सुटीत नवस फेडायला लोक तमिळनाडूच्या त्या किनाऱ्यावर जातात. आम्ही प्रॉटेस्टंट मंडळी नवसाला नाकं मुरडतो, पण गुपचूप जाऊन आलेले आमच्यातही सापडतील. २६ डिसेंबर २००४ हा रविवार होता. सकाळी ६.२८ वाजता सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दोन-अडीच तासांत लाटा आपल्या पूर्व किनाऱ्यावर येऊन आदळल्या. एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांच्या आसपास माणसं गेली. वेलंकनीच्या मंदिरात मात्र पाणी शिरलं नाही. आत होते ते वाचले. मरियामाउलीनं राखलं, असं तेव्हापासून सांगितलं जातं, आणि जे आत होते त्यांनी दुसरं काय म्हणावं?

पण वाळूवरून वाहून गेले तेही यात्रेकरूच होते. तेही नवसच बोलले होते. त्यांच्या बाजूला शंख-शिंपले विकणारे होते, कोळी होते, त्यांची पोरं होती. मंदिराची पायरी ही रक्षणाची सीमा मानली, तर या सगळ्यांना देवानं सीमेबाहेर ठेवलं असं म्हणावं लागतं.

यावर मी विद्यार्थ्यांना लिस्बनला घेऊन जातो, कारण तिथं सगळं नेमकं उलटं घडलं. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास मिस्सा चालू होती, चर्चं खच्चून भरलेली होती, वेद्यांवर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. जमीन हादरली आणि दगडी घुमट माणसांवर कोसळले. जे निसटले ते मोकळ्या जागेच्या शोधात तेजो नदीच्या धक्क्यावर धावले, आणि थोड्या वेळानं समुद्र नदीत घुसून त्यांना घेऊन गेला. पडझडीत उलटलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आगी लागल्या, त्या पाच-सहा दिवस विझल्या नाहीत. मृतांचा आकडा बहुधा तीस ते चाळीस हजार असा दिला जातो. इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचा वाडा जमीनदोस्त झाला. आणि कुंटणखान्यांसाठी बदनाम असलेला आल्फामाचा भाग बऱ्यापैकी शाबूत राहिला. वर्गात इथं हमखास हशा पिकतो. तो ओसरला की मी विचारतो, 'आता वेलंकनीची साक्ष इथं देऊन दाखवा.'

लिस्बननं युरोपला बोलतं केलं. व्हॉल्तेअरनं या आपत्तीवर दीर्घ कविता लिहिली. लंडन-पॅरिस काय कमी पापी होते, असा तिचा रोखठोक सवाल. तिकडे इंग्लंडात जॉन वेस्ली यांनी त्याच वर्षी पत्रक काढून भूकंपात देवाचा न्यायदंड पाहिला (मेथॉडिस्ट बांधवांनी रागावू नये, माणूस मोठाच होता). रूसोनं १७५६ मध्ये व्हॉल्तेअरला पत्र पाठवलं, त्यातला एक मुद्दा मला आजही ताजा वाटतो: सहा-सहा, सात-सात मजल्यांची हजारो घरं एकमेकांना खेटून काही निसर्गानं बांधली नव्हती. किल्लारीकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचं विसर्जन करून लोक झोपले असताना, भूकंपात जीव घेतले ते मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंतींनी आणि डोक्यावरच्या जड माळवदांनी. उन्हाळ्यात गारवा देणारं घर ते. त्यात कुणाचं पाप शोधायचं?

लिस्बनमध्ये ते शोधणारे होतेच. गाब्रिएल मालाग्रिदा नावाचे वृद्ध जेझुइट धर्मगुरू ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षं सेवा करून आलेले, लोकांत संत म्हणून मानले गेलेले. १७५६ मध्ये त्यांनी पुस्तिका छापली: भूकंपाची कारणं नैसर्गिक नाहीत, कारण आहे ते लिस्बनचं पाप, तंबू-झोपड्या उभारत बसण्यापेक्षा पश्चात्ताप करा. राजाचा मंत्री, ज्याला इतिहास मार्किस पोंबाल म्हणून ओळखतो, त्या वेळी उघड्यावर पडलेल्या लोकांसाठी निवारे उभारण्याच्या धडपडीत होता. त्यानं मालाग्रिदांना शहराबाहेर काढलं. पुढे राजद्रोहाच्या प्रकरणात त्यांना गोवलं गेलं, इन्क्विझिशननं पाखंडी ठरवलं आणि १७६१ मध्ये रोसियू चौकात गळा आवळून त्यांचा देह जाळला. इन्क्विझिशनचा प्रमुख तेव्हा पोंबालचा सख्खा भाऊ होता. तेव्हा पोंबालला विवेकाचा पुतळा वगैरे करायचं कारण नाही. गोव्यातलं इन्क्विझिशन त्यानं १७७४ साली बंद केलं हे खरं, पण आपल्या कामापुरतं ते वापरायला तो कचरला नव्हता.

मला पोंबालच्या दुसऱ्याच एका कागदात रस आहे. भूकंपानंतर त्यानं देशभरच्या धर्मग्रामांना प्रश्नावली पाठवली. भूकंप किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला? धक्का एका दिशेनं जास्त जाणवला का? किती घरं पडली, किती माणसं मेली? समुद्र आधी ओसरला की आधी चढला, आणि नेहमीच्या पातळीपेक्षा किती वीत वर आला? विहिरी-झऱ्यांच्या पाण्यात काय फरक पडला? जमिनीला भेगा पडल्या का, त्यांतून काय बाहेर आलं? भूकंपशास्त्राचे अभ्यासक आज हा कागद आपल्या शास्त्राचा आरंभ मानतात. त्याची उत्तरं लिहिली ती मात्र गावोगावच्या धर्मगुरूंनी. आधल्या रविवारी देवाच्या कोपावर प्रवचन दिलं असेल-नसेल, पण आता विहिरीत डोकावून पाणी गढूळ आहे का ते बघायचं, कोळ्याला विचारून विती मोजायच्या, ढिगाऱ्याखालून निघालेली माणसं मोजायची. ती उत्तरं अजून जपलेली आहेत, ज्या पुराभिलेखागाराचा जुना मनोरा याच भूकंपात पडला होता तिथंच. त्या धर्मगुरूंनी त्या महिन्यांत केलेली ही सगळ्यात प्रामाणिक थिऑलॉजी होती, असं मी वर्गात म्हणतो, आणि दरवर्षी कुणीतरी वाद घालतं. घालू द्यावा.

आपत्तीत पापाचा धागा शोधायची खोड एकट्या ख्रिस्ती माणसाची नाही. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर निषेध केला आणि गांधीजींनी तो 'हरिजन'मध्ये आपल्या उत्तरासह छापला. अस्पृश्यता हे पाप होतंच. पण मुंगेरच्या ढिगाऱ्यांत अस्पृश्यही होते.

बायबल काय म्हणतं, असं विचारलं की मुलं आधी ईयोबाकडे वळतात. ईयोबाची दहा मुलं नैसर्गिक आपत्तीतच गेली, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: रानाकडून सोसाट्याचा वारा आला, घराचे चारी कोपरे हादरले, घर कोसळलं. आणि शेवटी देव ईयोबाशी बोलतो तोही वावटळीतूनच. मधली पस्तीसेक प्रकरणं मित्र त्याला कारणं समजावतात. देव अखेर रागावतो तो या मित्रांवर. मेंढरं, उंट, बैल, गाढवं सगळं ईयोबाला दुपटीनं परत मिळतं, पण मुलं मात्र पुन्हा दहाच. ती दुप्पट का नाहीत, यावर जुन्या भाष्यकारांनी बरीच डोकेफोड केली आहे. ज्यांची मुलं गेली आहेत त्यांना मी हे वाचायला देतो तेव्हा त्यांना डोकेफोड करावी लागत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ते बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होते काय, असं येशू विचारतो, आणि स्वतःच नाही म्हणतो. पण लगेच ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाचंही बजावतो. मालाग्रिदांसारखे लोक हे दुसरं वाक्य तेवढं धरतात आणि माझ्यासारखे पहिलं. दोन्ही एका दमात म्हटलेली आहेत, त्यामुळे मला हा उतारा कधीच पूर्णपणे सोयीचा वाटलेला नाही.

साक्षींच्या प्रश्नावर मला सगळ्यात उपयोगी पडतो तो मत्तयचा दुसरा अध्याय. योसेफाला स्वप्नात दूत सावध करतो, तो रातोरात बाळ आणि आई यांना घेऊन मिसर देशाला निघून जातो. बाळ वाचतं. बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली बाकीची मुलं हेरोदाचे लोक मारतात. त्यांच्या बापांना स्वप्न पडलं नाही. हेरोद म्हणजे भूकंप नव्हे, हे मला मान्य आहे. पण इथं आपल्याला हवी ती जोडी आहे, राखलेलं एक घर आणि न राखलेली शेजारची घरं. इथं मत्तय 'पाहा, देवानं कसं राखलं' अशी साक्ष देऊ शकला असता. ती न देता तो यिर्मयाच्या ग्रंथातली राहेल आणून उभी करतो: मुलांसाठी आकांत करणारी, समजूत काढून घ्यायलाच तयार नसलेली आई. मत्तय तिची समजूत घालत नाही, पुढच्या वचनात हेरोद मरतो आणि कथा पुढे सरकते.

पुढे ते वाचलेलं बाळही वाचत नाही. तेहेतिशीच्या आसपास त्याला क्रुसावर खिळतात. त्या वेळी खाली उभे असलेले याजक आणि शास्त्री काय म्हणतात ते बघण्यासारखं आहे: देवाला हा इतका प्रिय असेल तर देव याला आता सोडवेल. सुटला तर देवाचा, नाही सुटला तर नाही. आमच्या साक्षींमागचा हाच तर्क शुभवर्तमानानं टिंगल करणाऱ्यांच्या तोंडी घातला आहे. वर टांगलेला माणूस त्यांना उत्तर देत नाही, देवालाच विचारतो की मला का टाकलंस.

वर्गात मी एक लेखी काम देतो. दरड कोसळली आहे, तीन भावंडांतली दोन गेली, तिसरा आठ वर्षांचा मुलगा हाताला प्लास्टर घालून पहिल्या बाकावर बसणार आहे. सांत्वनाच्या उपासनेचा उपदेश लिहा, दोन पानं. बहुतेक उपदेशांत तो मुलगा 'देवानं खास कामासाठी राखून ठेवलेला' असतो. एका मुलीनं, ती रायगडकडची आहे, वाचून दाखवणाऱ्या वर्गमित्राला मध्येच थांबवून म्हटलं, 'अरे, त्या पोराला आता मरेपर्यंत ते खास काम शोधत बसावं लागेल.' तिनं स्वतः लिहिलेल्या उपदेशात दोन्ही मेलेल्या भावंडांची नावं पाच-सहा वेळा आली होती, मुलाचं एकदा. दीड पानात संपवलं होतं. मार्क मी तिलाच जास्त दिले.

मग साक्ष द्यायचीच नाही का? असं मी म्हणणार नाही. पंडिता रमाबाईंचे आई, वडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेली. त्या आणि भाऊ उरले. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी साक्ष लिहिलीही, आणि ती निःशंक श्रद्धेची आहे. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या, १९०० मध्ये गुजरातेतून आणखी आणल्या, आणि केडगावला त्यांच्यासाठी विहिरी खणल्या, खोल्या बांधल्या. आपण का उरलो, याचा हिशेब त्यांनी मनात कसा मांडला असेल ते त्यांनाच ठाऊक.

मी गेल्या काही वर्षांपासून ओळखीच्या मंडळ्यांत एक खटपट करतो आहे. २८ डिसेंबर हा बेथलेहेमच्या त्या बालकांचा दिवस. कॅथलिक आणि अँग्लिकन पंचांगात तो असतो, आमच्या बहुतेक मंडळ्यांत नाताळ सप्ताहाच्या खेळांत आणि प्रीतिभोजनात हरवून जातो. नाताळच्या नाटकात मागी लोक सोनं-ऊद देऊन जातात आणि पडदा पडतो; हेरोदाचे शिपाई रंगमंचावर येतच नाहीत. त्या दिवशी मत्तयचा दुसरा अध्याय शेवटपर्यंत वाचावा आणि त्या वर्षी पुरात, दरडीत गेलेल्यांची नावं, कुठल्याही धर्माची असोत, वेदीसमोर मोठ्यानं घ्यावीत, एवढंच माझं म्हणणं. पंचकमिटीतले एक ज्येष्ठ मला म्हणाले, 'सर, नाताळात हे कशाला? लेकरं असतात समोर.' मी म्हटलं, तिथंही लेकरंच होती. त्यांना ते पटलेलं नाही. सध्या तडजोड अशी झाली आहे, की वाचन संध्याकाळच्या उपासनेत होतं, नावं घेतली जातात, साक्षी त्यानंतर. क्रम उलटा करा म्हणणारेही आहेत, त्यावर यंदाच्या सभेत चर्चा व्हायची आहे.