जंगल मिळाले, बाजार राहिला

गडचिरोलीचा आठवडी बाजार शहरातून आलेल्याला रंगीबेरंगी वाटतो आणि योजना आखणाऱ्याला मागासलेला. ग्रामीण बाजारांचा अभ्यासक म्हणून मला दोघांचेही पटत नाही. २०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात चौरस किलोमीटरमागे ७४ माणसे राहतात. राज्याची सरासरी ३६५ आहे. इतक्या विरळ वस्तीत रोजचे दुकान चालायला गिऱ्हाईक पुरत नाही, म्हणून दुकानच वारावाराने गावोगाव फिरते आणि गिऱ्हाईक आठवड्याची गरज एका दिवसात उरकते. मानववंशशास्त्रज्ञ विल्यम स्किनर यांनी १९६०च्या दशकात चीनमधल्या ग्रामीण बाजारांविषयी असेच गणित मांडले होते. त्यात मागासलेपण कसले? खोट आहे ती दुसरीकडे. या बाजारात जंगलाचा माल विकणारी बाई एकटी असते, आणि वनहक्काची आपली सगळी चर्चा तिला जंगलाच्या वेशीवर सोडून परत फिरते.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. हे यश मोठेच आहे. पण बांबू आणि तेंदू हा ठोक माल. त्याचा खरेदीदार ग्रामसभेपर्यंत चालत येतो. मोहफुले, टोरी (मोहाच्या बिया), चारोळी, डिंक, पावसाळ्यातले वास्ते (बांबूचे कोंब) आणि सात्या (अळंबी) हे सारे टोपलीने बाजारात जाते, आणि तिथे ग्रामसभा कुठेच नसते. मोह मार्च-एप्रिलमध्ये पडतो. सगळ्यांच्या घरी एकाच वेळी आल्याने भाव उतरलेला असतो, आणि तेल-मिठासाठी रोकड तर त्याच दिवशी हवी असते. स्वस्तात विकलेला मोह पावसाळ्यात चढ्या भावाने परत विकत घेणारी घरे मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात नवी नाहीत. माप कोणाचे, हा प्रश्न तर त्याहून जुना आहे.

म्हणून ग्रामसभेने या बाजारातही उतरायला हवे. यावर पहिला आक्षेप असा की, व्यापाऱ्याच्या जागी सरकारने खरेदी करावी. महाराष्ट्राने १९७६च्या कायद्याने एकाधिकार खरेदीचा तो मार्ग धरला, आदिवासी विकास महामंडळाकडे काम सोपवले. २०१३-१४पासून गौण वनोपजाला केंद्राची किमान आधारभूत किंमतही आहे. ती किंमत हवीच, कारण सौदा करताना तिचा आधार मिळतो. मात्र संध्याकाळपर्यंत कोमेजणाऱ्या सात्या कोणते खरेदी केंद्र घेणार, आणि आठवड्याचे मीठ कोण देणार? दुसरा आक्षेप मोबाईलचा: नागपूरचा भाव घरबसल्या कळतो, मग बाजार हवा कशाला? भाव कळतो हे खरे, पण दोन किलो चारोळी नागपूरला पाठवण्याचे भाडे त्या भावातून वजा केले की हातात काय उरते, हे मोबाईल सांगत नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ग्रामसभा बाजारात उतरली, तर गावातली वजनदार माणसेच नवे व्यापारी होतील. हा धोका आहेच. पण तो तेंदूच्या लिलावातही होता, आणि उघड सभेत हिशेब मागण्याच्या सवयीने तो निदान आवाक्यात ठेवता येतो. व्यापाऱ्याकडे असा हिशेब मागायची जागाच नाही.

मुख्य म्हणजे यासाठी नवा कायदा लागत नाही. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याच्या ज्या कलमात गौण वनोपजाची मालकी आहे, त्याच कलमात गावबाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकारही आहे, आणि जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. पहिल्या अधिकारासाठी मोर्चे निघाले, दावे दाखल झाले. दुसऱ्याची कोणी फारशी वास्तपुस्त केली नाही. बाजारात बसणाऱ्यांकडून फी वसूल होते, बऱ्याच ठिकाणी तिचा ठेकाही दिला जातो. तेंदूच्या लिलावाच्या अटी घालायला शिकलेल्या ग्रामसभेला या ठेक्यातही दोन अटी घालता येतील: बाजाराच्या तोंडाशी सर्वांसाठी एक तपासलेला काटा, आणि मोह पावसाळ्यापर्यंत ठेवता येईल अशी कोरडी खोली.