शेजारच्या घरातील दिवा

गेल्या पावसाळ्यात नातू कोल्हापूरहून कंग्राळीला आला असता त्याने मला ‘कोहेरन्स’ नावाचा इंग्रजी चित्रपट दाखविला. जेम्स वॉर्ड बिर्किट या दिग्दर्शकाचा हा २०१३ सालचा चित्रपट बव्हंशी त्यांच्या स्वतःच्याच घरी, अवघ्या पाच रात्रींत चित्रित झाला. खर्च सुमारे ५०,००० डॉलर. नटांना पुरती संहिताही दिली नव्हती. रोज ज्याचे टिपण त्याला मिळे, त्यामुळे चेहऱ्यांवरील गोंधळ पुष्कळसा खराच आहे.

आठ स्नेही जेवावयास जमतात. आकाशात धूमकेतू असतो, वीज जाते, आणि गल्लीत एकाच घरी उजेड दिसतो. तेथे जाऊन आलेले सांगतात की, ते घर आपलेच आहे आणि आत बसलेलेही आपणच. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासराव वाचतात आणि इतिहास दुसरी वाट धरतो. तेथे पानिपताएवढे युद्ध लागते. येथे एक गल्ली पुरते.

नातवास याचे नवल वाटले. मला तितकेसे वाटले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातून चंदगड तालुका तेवढा वगळला गेला. माझी अक्का त्याच वर्षीच्या वैशाखात चंदगडकडे नांदावयास गेली होती. तीच भाषा, तीच भाताची शेते. बाजाराला ती बेळगावलाच येई. पण तिच्या शेताचा उतारा मराठीत राहिला. आमचा कानडीत आला. मला तिच्या घराचा हेवा वाटे, हे आज लिहावयास हरकत नाही.

म्हणून मी थोरल्याला आठव्या वर्षी तिच्याकडे शिकावयास ठेवले. शिनोळीला गाडी थांबली तेव्हा तो रडला होता. तो शिकला, कोल्हापूरला नोकरीस लागला. मात्र अखेरपर्यंत तो अक्कालाच ‘आई’ म्हणे. त्याच्या जन्मदात्रीने याबद्दल मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

चित्रपटातील एम खिडक्यांतून एकेक घर न्याहाळते, त्यांतले सर्वांत सुखी निवडते आणि तेथल्या स्वतःलाच बाजूला सारून आत शिरते. त्यापुढचे मी नीट पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाला फोन केला. “आबा, काय झालं?” त्याने घाईने विचारले.

“काही नाही रे,” मी म्हणालो, “रात्री इथली वीज गेली होती.”