बोट गेलं, आणि कागदावर काहीच झालं नाही

"बाथरूममध्ये घसरून पडला."

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या दवाखान्यांत हे वाक्य किती वेळा बोललं जात असेल, देव जाणे. बोटं प्रेसखाली गेलेली असतात, सोबत सुपरवायझर उभा असतो आणि पेशंटच्या आधी तोच डॉक्टरला उत्तर देतो. पोरगा गप्प. परगावचा असतो, कॉन्ट्रॅक्टरकडून लागलेला असतो. हात बरा झाल्यावर पुन्हा कामावर घेतील या आशेवर तो मान हलवतो.

मी या भागातल्या छोट्या कारखान्यांची पीएफ आणि ईएसआयची कामं बघतो. त्यामुळे मला दुसरं वाक्यही ओळखीचं आहे. ते संध्याकाळी फोनवर येतं: "साहेब, एक आयपी नंबर काढून द्या ना अर्जंट. जॉइनिंग कालची टाका." अर्जंट म्हटलं की मी आधी विचारतो, काय झालंय? पलीकडे शांतता. मी नाही म्हणतो. पण मी नाही म्हटलं म्हणून काम थांबत नाही, दुसरं कुणीतरी करून देतं.

कामगाराला लागलं तर मालकाने सरकारला कळवायचं, हा नियम नवा नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम ८८ हेच सांगत होतं: मृत्यू झाला, किंवा जखमेमुळे माणूस ४८ तास वा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर निरीक्षकाला कळवा. नाही कळवलं तर कलम ९२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैद किती जणांना झाली हा वेगळा प्रश्न, पण मालकाच्या मनात निदान धाक तरी होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कोड लागू झाले. ४८ तासांची अट तशीच राहिली. शिक्षा मात्र बदलली. अपघात न कळवणं आता सर्वसाधारण दंडाच्या कलमात बसतं: दोन ते तीन लाख रुपये, आणि तेही सरकारी अधिकारी ठरवणार. तुरुंग गेला. हयगयीमुळे माणूस मेला तर कैदेची तरतूद आहे, पण नुसतं लपवलं तर फक्त पैसे. रक्कम वाढली म्हणून कायदा कडक झाला असं सांगितलं जातंय. खरंच झालाय का? जरा हिशोब करू.

पंचवीस वर्षांचा पोरगा, ईएसआय नाही, हिशोबाला धरलेला पगार १५ हजार. भरपाईचं सूत्र जुनं आहे: पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक (पंचविशीला २१६.९१), गुणिले कमाईची शक्ती किती टक्के गेली ते. पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के धरतात, म्हणजे साधारण २ लाख ७३ हजार. अंगठा गेला तर ३० टक्के, म्हणजे ५ लाख ८५ हजारांच्या वर. आता मालकाच्या बाजूने बघा. कळवलं तर पावणेसहा लाख द्यायचे. लपवलं तर दवाखान्याचं बिल आणि हातावर थोडे पैसे ठेवून गावाला पाठवायचं. पकडलं गेलं तर भरपाईवर आणखी जास्तीत जास्त तीन लाख. पण पकडलं जाण्याची शक्यता किती? धंदा करणारा माणूस हाच हिशोब करतो.

शक्यता किती, ते आपलेच आकडे सांगतात. २०१७ ते २०२० या काळात देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत सरकारी नोंदीप्रमाणे वर्षाला सरासरी अकराशेच्या आसपास मृत्यू आणि चार हजारांच्या वर जखमी. म्हणजे एका मृत्यूमागे चार जखमी. ब्रिटनमध्ये २०२३-२४ साली कामावर १३८ जण गेले, आणि मालकांनी स्वतः कळवलेले जखमी होते ६१ हजारांच्या वर. एकामागे साडेचारशेच्या आसपास! तिथे कारखान्यांसकट सगळी कामं मोजतात हे खरं, पण साधारणपणे सात दिवसांपेक्षा जास्त काम बुडालं तरच कळवायचं असतं. आपली अट तर दोनच दिवसांची. मग आपल्याकडे जखमी इतके कमी कसे? आपली यंत्रं काय फक्त जीव घेतात, बोटं घेत नाहीत? साधी गोष्ट आहे: मढं लपवणं अवघड, बोट लपवणं सोपं.

लपवल्याने कामगाराचं नेमकं काय जातं? लोकांना वाटतं एक फॉर्म राहिला. अहो, तो फॉर्म म्हणजे त्याचा पहिला पुरावा. ईएसआयमध्ये कामावरच्या अपघाताला किती हप्ते भरलेत ही अट नाही, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. बरा होईपर्यंत सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पुढे दर महिन्याला पेन्शन. 'बाथरूममध्ये पडला' असं एकदा लिहिलं गेलं की हे सगळं संपलं. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या अशा जखमी कामगारांवर अहवाल काढते. त्यांनाही हेच दिसलं: अनेकांना ईएसआयचं कार्ड मिळालं ते अपघातानंतर.

मालकांची बाजूही सांगतो, कारण माझे क्लायंट तेच आहेत. मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या छोट्या वर्कशॉपला भीती असते की अपघात कळवला तर ऑर्डर जाईल. वरची कंपनी 'झिरो अॅक्सिडेंट'चा बोर्ड लावते आणि खालच्याने तो बोर्ड राखायचा असतो. शिवाय कळवलं की निरीक्षक येणार, आणि मग मशीनला गार्ड का नाही, सेन्सर का काढला हे निघणार. म्हणजे कळवणाऱ्याला त्रास आणि लपवणाऱ्याला शांत झोप. हे उलटं व्हायला हवं.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ईएसआयकडे अपंगत्वाच्या प्रत्येक केसची नोंद आहे. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे कळवलेल्या अपघातांची नोंद आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. एकीत नाव आहे आणि दुसरीत नाही, तो कारखाना आपोआप सापडतो. नोंदणी आणि अपघात एकाच दिवशीचे असतील तर तोही सापडतो. ज्याने वेळेत कळवलं त्याला आधी सुधारणेची संधी द्या, ज्याने लपवलं त्याच्याकडे आधी जा. आणि 'झिरो'चा बोर्ड लावणाऱ्या मोठ्या कंपनीलाही विचारा की तुमच्या सप्लायरकडे बोटं कुणाची गेली?

तोपर्यंत कामगार भावांनो आणि त्यांच्या घरच्यांनो, एवढं कराच. दवाखान्यात पेशंटने किंवा नातेवाईकाने स्वतः बोलायचं: कामावर, मशीनवर, अमुक वाजता लागलं. केसपेपरवर तेच लिहिलंय का ते बघायचं आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. गेटपास, हजेरी, पगाराचे मेसेज पुसायचे नाहीत. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा अजिबात नाही.

कारण अंगठा एकदाच जातो. कागदावर तो गेलाच नाही असं ठरलं, की पुढची तीस-चाळीस वर्षं त्याची किंमत एकटं ते घर भरत राहतं.