गूढपुरुषांचा संसार

हेरांच्या आणि मारेकऱ्यांच्या गोष्टी मुलांच्या हाती द्याव्यात की देऊ नयेत, हा वाद आजचा नाही. आमच्या लहानपणी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा उशीखाली दडवून वाचल्या जात, आणि त्या वडीलधाऱ्यांच्या हाती लागल्या म्हणजे कान पिळला जाई. आता उशीखाली पुस्तक राहिले नाही. भिंतीवर दूरचित्रवाणीचा पडदा आहे आणि त्यावर जपानातून आलेली चित्रमालिका आहे. हलत्या चित्रांच्या अशा जपानी मालिकांस ‘ॲनिमे’ म्हणतात. त्यांत गुप्त मारेकऱ्यांच्या मालिका पुष्कळ आहेत. ‘मारेकरी’ हा शब्द कानी पडताच घरातील ज्येष्ठ मंडळी कपाळास आठ्या घालतात व मुले आवाज लहान करतात. एका घरात दोन पिढ्यांनी असे चोरून वागावे, हे आम्हांस बरे वाटत नाही. म्हणून त्यांपैकी एका मालिकेची ओळख ज्येष्ठांस करून द्यावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहो.

मालिकेचे नाव ‘स्पाय फॅमिली’. तात्सुया एंडो या चित्रकथाकाराने २०१९ साली ही चित्रकथा लिहावयास घेतली, आणि एप्रिल २०२२ पासून तिची हलती मालिका दाखविली जाऊ लागली. आमच्या थोरल्या बंधूंचा आक्षेप निराळाच होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले ते जपानी आक्रमणात घायाळ झालेल्यांच्या सेवेसाठी, आणि १९४२ साली त्यांचा देह तिकडेच पडला. त्यांच्याच गावी जपानच्या गोष्टी कशाला, असे बंधूंचे म्हणणे. आम्ही त्यांस इतकेच म्हटले, की या कथेचा नायक युद्धात पोरका झालेला मुलगा आहे, आणि पुन्हा कोणा मुलावर तसे रडण्याची पाळी येऊ नये म्हणून त्याने हेराचा पेशा पत्करला आहे. तेव्हा बंधू खुर्ची ओढून बसले.

कथानक थोडक्यात असे. वेस्टालिस व ऑस्टानिया या दोन शेजारी राष्ट्रांत नाममात्र शांतता आहे. ही राष्ट्रे कल्पित खरी, परंतु दुभंगलेल्या जर्मनीची छाया त्यांवर स्पष्ट आहे. ऑस्टानियाच्या राजधानीचे नावसुद्धा बर्लिंट. तेथील एका मोठ्या राजकीय पुढाऱ्याच्या मनात काय चालले आहे ते काढून आणण्याची कामगिरी वेस्टालिसच्या एका निष्णात हेरावर सोपविली जाते. पुढारी कोणास भेटत नाही. त्याचा मुलगा ज्या नामांकित विद्यालयात शिकतो, तेथील निवडक गुणवंतांच्या पालकांचा मेळावा भरतो, तेवढ्यासच तो येतो. तेव्हा हेरास मूल हवे, त्या मुलास विद्यालयात प्रवेश हवा, आणि प्रवेशासाठी आईबाप दोघेही हवेत. यासाठी तो लॉइड फोर्जर नावाचा मनोरोगतज्ज्ञ बनतो, अनाथाश्रमातून आन्या नावाची चिमुरडी आणतो, आणि यॉर नावाच्या तरुणीशी लग्न करतो. ही यॉर नगरकचेरीत कारकून आहे. आईबाप गेल्यावर धाकट्या भावास वाढविण्यासाठी तिने कोवळ्या वयात एक गुप्त धंदा पत्करला. तो धंदा माणसे मारण्याचा. आपण कोण हे ती नवऱ्यास सांगत नाही, आणि आपण कोण हे नवरा तिला सांगत नाही. परंतु आन्यास दुसऱ्याच्या मनातले ऐकू येते. एका प्रयोगशाळेत तिच्यावर प्रयोग झाले, त्यांचा हा परिणाम. तेव्हा घरात सर्व गुपिते ठाऊक असणारी व्यक्ती एकच, आणि तिला धड शुद्धलेखनसुद्धा येत नाही. पुढे भविष्य दिसणारा एक कुत्राही घरात येतो. सारी गंमत येथे आहे.

संस्कृत जाणणाऱ्यास ही मंडळी परकी वाटत नाहीत. १९०९ साली म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केले. त्यात गूढपुरुषांचे, म्हणजे गुप्त चाकरांचे, प्रकार दिलेले आहेत. त्यांत ‘गृहपतिक’ आहे. हा घरगृहस्थाच्या वेषातला हेर, म्हणजे आमचा लॉइड. ‘तीक्ष्ण’ आहे, प्राणाची पर्वा न करता शस्त्र चालविणारा, म्हणजे यॉर. आणि गमतीची गोष्ट अशी की ‘कापटिक’ही आहे, कौटिल्याने त्याचे लक्षण दुसऱ्याचे मर्म ओळखणारा धीट विद्यार्थी असे केले आहे. दुसऱ्याच्या मनातले ऐकणारी आणि पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जाणारी आन्या याहून वेगळी काय आहे? एक प्रकार मात्र या घरात बसत नाही, तो ‘रसद’, म्हणजे विष घालणारा. आप्तांविषयी ज्यास माया उरलेली नाही, अशाची त्या कामी निवड करावी, असे कौटिल्य सांगतो. जपानी कथाकाराने नेमका याच्या उलट रस्ता धरला आहे. त्याची मारेकरीण भावाच्या मायेपोटी या धंद्यात आली, आणि आता लेकीच्या मायेपोटी घरी वेळेवर परतण्याची धडपड करते. तिला स्वयंपाक मुळीच येत नाही. आपल्या आईच्या हातची चव साधावी म्हणून ती मैत्रिणीकडे जाऊन एकच पदार्थ शिकते, आणि तो जमला तेव्हा घरातील तिघेही आनंदाने जेवतात. आमच्या घरातील बायकांस चाकूसुऱ्यांच्या झटापटीपेक्षा हाच भाग अधिक आवडला.

नातवंडांस आम्ही याच्या मोबदल्यात विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ सांगितले, आणि हा सौदा दोन्ही पक्षांस फायद्याचा झाला. हेर आणि मारेकरी यांचे जाळे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने हे सात अंकांचे नाटक अवश्य वाचावे. नंदांचा स्वामिनिष्ठ अमात्य राक्षस चंद्रगुप्तास मारण्यासाठी एकामागून एक माणसे पेरतो. दारुवर्मा यांत्रिक तोरण उभारतो. अभयदत्त वैद्य औषधात विष कालवितो, पण सोन्याच्या भांड्यात त्याचा रंग पालटलेला चाणक्यास दिसतो. शयनगृहाच्या भिंतीआड भुयारात मारेकरी दडतात. भिंतीच्या फटीतून भाताची शिते घेऊन निघालेली मुंग्यांची रांग चाणक्याच्या नजरेस पडते, आणि आत माणसे जेवत आहेत हे तो ओळखतो. मुंग्यांपाशी आलो तेव्हा दूरचित्रवाणी आमच्या नातवाने आपण होऊन बंद केली.

आणि ज्या मुद्रेवरून नाटकास नाव मिळाले, ती चाणक्यास कशी मिळते? राक्षसाने बायकोमुलांस चंदनदास नावाच्या जवाहिऱ्याच्या घरी लपविलेले असते. पाच वर्षांचा मुलगा कुतूहलाने दाराबाहेर डोकावतो, आत बायकांचा गलबला होतो, एक हात त्यास घाईने आत ओढतो, आणि पुरुषी मापाची अंगठी त्या बोटातून निसटून हेराच्या पायाशी घरंगळत येते. साम्राज्याचा डाव उलटला तो एका पोराच्या डोकावण्याने आणि एका आईच्या घाईने. जपानी कथेतही अंगठी आहे. भर चकमकीत लॉइडपाशी अंगठी नसते, म्हणून तो हातबाँबची कडी उपसून यॉरच्या बोटात घालतो. एका कथेत अंगठीने घर उघडे पडते, दुसरीत अंगठीने घर बांधले जाते.

मास्तरकीत जन्म घालविल्यामुळे आमचे मन ज्या भागात गुंतले, तो प्रवेशाच्या मुलाखतीचा. तीन परीक्षकांपैकी एकास दुसऱ्यांची घरे टोचण्यात सुख वाटते. तो चिमुकल्या आन्यास विचारतो, की तुला आधीची आई अधिक आवडते की ही नवी? पोर रडू लागते. कामगिरीसाठी कोणताही अपमान गिळण्यास शिकलेला तो हेर मूठ वळतो, ती टेबलावर आदळून टेबल फोडतो, आणि डास होता असे सांगून कुटुंबासह उठून जातो. मुलांच्या मनाची कदर नसलेली शाळा आम्हांसच नको, असे त्याचे म्हणणे. मागाहून हेंडरसन नावाचे वृद्ध शिक्षक आपल्या त्या सहकाऱ्यास एक ठोसा लगावतात. आम्ही कधी कोणावर असा हात टाकला नाही. परंतु प्रवेशाच्या टेबलामागे आम्हीही पुष्कळ वर्षे बसलो आहो, आणि हेंडरसन गुरुजींविषयी आमच्या मनात आदरच आहे.

हा भाग आमच्या घरात विशेष शांततेत पाहिला गेला, त्याचे कारण सांगितले पाहिजे. पाच वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या चिरंजीवांनी व सूनबाईंनी एक मुलगी दत्तक आणली. ती आता आठ वर्षांची आहे. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास आलेल्या एका बाईंनी तिला जवळ घेऊन, तिळगूळ हातावर ठेवीत, जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. त्या वेळी पोरीने उत्तर दिले नाही. तिळगूळ तेवढा खाली ठेवला. मालिकेतील तो भाग पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर्तमानपत्र वाचीत असता ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “आजोबा, ते घर खोटं होतं ना? मग ती रडली कशाला?”

आम्ही तिला आमच्या बुद्धीप्रमाणे उत्तर दिले. धर्मशास्त्रात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत ‘दत्त’ आहे, तसा ‘कृत्रिम’ही आहे, आणि तेथे कृत्रिम म्हणजे खोटा नव्हे, कृत्रिम म्हणजे केलेला, आपला म्हणून पत्करलेला. घर तरी दुसरे काय असते? ते आयते उगवत नाही, रोज करावे लागते. बारांतील आणखी एक ‘स्वयंदत्त’, म्हणजे ज्याने आपल्या इच्छेने स्वतःस देऊन टाकले तो. शुनःशेप असाच विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला आणि त्याचा मुलगा झाला. आन्याही तशीच, अनाथाश्रमात आलेल्या त्या माणसाच्या मनात काय आहे ते तिने ऐकले, आणि सर्व ठाऊक असून त्याच्याबरोबर गेली. नातीने थोडा विचार केला. पहिल्या दिवशी तिने सूनबाईंचा पदर धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही, ही हकिकत तिने शंभरदा ऐकलेली आहे. “मग मी स्वयंदत्त,” असे म्हणून ती खेळावयास निघून गेली. पुस्तकांचे पोथीपण गेले आणि त्यांचा उपयोग झाला, असे आम्हांस त्या दिवशी वाटले.

गुण सांगितले, आता एक दोषही सांगितला पाहिजे. यॉर ज्यांस मारते त्यांस देशद्रोही म्हटले की कथा मोकळी होते. ते कोण होते, त्यांच्या घरी कोण वाट पाहत होते, हे फारसे कळत नाही. विशाखदत्त असे करीत नाही. राक्षसाचे मारेकरी फसतात व मरतात, तेव्हा प्रत्येकाचे नाव घेतले जाते, आणि ते वर्तमान ऐकून राक्षस हळहळतो. शेवटीही चाणक्य जिंकतो तो तलवारीने नव्हे. चंदनदासाचे प्राण वाचविण्यासाठी राक्षस आपण होऊन स्वाधीन होतो, आणि वधस्थानी उभे असलेले चांडाळसुद्धा चाणक्याचेच वेष पालटलेले हेर निघतात. इतक्या मारेकऱ्यांच्या नाटकाचा निकाल अखेर मैत्रीवर लागतो. हा फरक आम्ही मुलांस दाखवून दिला, आणि मुलांनी तो मान्य केला.

नव्याने पाहणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. प्रारंभ पहिल्या भागापासूनच करावा. २०२२ च्या पहिल्या पर्वाचे पंचवीस भाग आहेत, २०२३ च्या दुसऱ्याचे बारा. तिसरे पर्व ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाले. एक भाग सुमारे चोवीस मिनिटांचा असल्यामुळे रात्रीच्या जेवणानंतर एकच पाहण्याचा नियम सहज पाळता येतो. दुसरी गोष्ट अशी, की एकीवरून सगळ्या पारखू नयेत. २०१४ ची ‘अकामे गा किल’ ही मालिकाही गुप्त मारेकऱ्यांचीच आहे, परंतु तीत रक्तपात फार, आणि ती बालकांसाठी नव्हे. मुलांबरोबर बसल्यावाचून हा भेद कळावयाचा नाही.

चाणक्याने भिंतीवरील मुंग्या पाहिल्या, म्हणून भिंतीआडचे त्यास कळले. घरातील वडील माणसांनी मुलांच्या पडद्याकडे पाठ फिरविली, तर पडद्यामागे मुलांचे काय चालले आहे हे त्यांस कोणता हेर येऊन सांगणार? हेर ठेवण्यापेक्षा शेजारी बसणे सोपे.